शेंग फोडल्याशिवाय

"परहॅप्स नॉट, सर," अण्णा म्हणाला, आणि साहेबानं मास्तरांकडं बघायचं सोडून दिलं. त्यानं शिपायाला हातानं खूण केली. शिपाई पुढं झाला आणि त्यानं मास्तरांचा दंड धरला. चावडीचा ओटा उन्हानं तापला होता आणि त्यावर गावातली पाच माणसं डोक्यावर हात ठेवून उभी होती. सगळी मुसलमान, सगळी आमच्या रोजच्या ओळखीची. एका कडेला हाशम मास्तर, माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे अण्णाला, इंग्रजी शिकवणारे. त्यांच्या शेजारी दस्तगीर मणियार. ते दर पंचमीला आमच्या ओसरीवर बसून माझ्या हातात बांगड्या भरायचे. पलीकडं शिंपी, पिंजारी आणि पिंजाऱ्याचा भाऊ. खाली सडकेवर लष्कराचा ट्रक उभा होता आणि त्याचं इंजिन चालूच होतं.

साहेब कुठला तरी लांबचा, दक्षिणेकडचा होता. त्याला आमची बोली येत नव्हती, आणि हिंदी येत होती ती हुकूम सोडण्यापुरती. गावातल्याच एकानं बोट करून ही पाच माणसं दाखवली होती. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं आहेत. मास्तर स्वतः इंग्रजीत बोलले म्हणून तर साहेब थबकला होता. पण ज्याच्यावर आळ आहे त्याचं कोण ऐकून घेतो? गावात इंग्रजी कळणारा दुसरा कुणी आहे का, असं त्यानं विचारलं आणि लोकांनी अण्णाला पुढं ढकललं. हा माणूस 'त्यांच्यात' होता का, एवढाच प्रश्न होता; ते कोण, ते पुढं येईल. अण्णा म्हणाला, बहुतेक नसावा. त्याच्यापुढं त्यानं एक 'इफ' लावला आणि तिथंच अडकला.

मी अव्वाच्या, म्हणजे आईच्या, मागं उभी होते. माझी शाळा चौथीत संपलेली. तरी ते शब्द मला कळले, आणि अण्णानं काय करून ठेवलं तेही कळलं. कसं कळलं ते सांगते.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, सडकेला लागून. घरात करडईच्या तेलाचा घाणा होता. अप्पा पहाटे आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इष्टलिंगाची पूजा करायचे आणि मग बैल जुंपायचे. तेव्हापासून दिवस माथ्यावर येईपर्यंत घाण्याची लाकडी लाट करकरत राहायची. तो आवाज आमच्या इतका अंगवळणी पडला होता की तो चालू असताना कुणाला ऐकू यायचा नाही, थांबला की सगळे मान वर करायचे. घरात बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. आईला अव्वा, वडलांना अप्पा. सकाळी तव्यावरची भाकरी आणि शेंगाची चटणी, त्यावर घाण्यातलं ताजं, कोमट तेल. तसलं तेल आता मिळत नाही, पिशवीतलं मिळतं ते मी खाते, पण त्याला तेल म्हणत नाही.

निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत होती. अण्णाला पुढं शिकायला सोलापूरला जायचं होतं आणि तिथं इंग्रजीवाचून चालत नव्हतं. हाशम मास्तर शाळेत उर्दू शिकवायचे. एकटा माणूस, मशिदीमागच्या खोलीत राहायचा. उंच, वाकलेला, दाढी पांढरी आणि मिशी मात्र काळी. ते दुपारी आमच्या ओसरीवर यायचे आणि अण्णाला इंग्रजी सांगायचे. मी बाजूला सूप घेऊन शेंगा फोडत बसायची. मुलीनं बसू नये असं त्यांनी कधी म्हटलं नाही, आणि बस असंही म्हटलं नाही. हातापाशी शेंगा असायच्या म्हणून त्यांनी शेंगांवरच शिकवायला सुरुवात केली.

अण्णाला नावं, कामं, काळ सगळं लवकर आलं. अडायचा तो एका ठिकाणी. नक्की काय, बहुतेक काय, आणि अटीवर काय, हे वाक्यात कुठं कसं घालायचं ते त्याला उमगायचं नाही. तो सगळीकडं एकच शब्द घालायचा. मास्तर म्हणायचे, "अरे बसवराज, सालन कोई बी रहो, तू सबमें इमलीच डालता क्या रे?" कालवण कुठलंही असो, चिंच ठरलेली, तसं. मग त्यांनी सुपातली एक शेंग उचलली आणि त्याच्या कानाशी वाजवली.

"आवाज आला?"

"आला."

"मग आत दाणा आहे?"

"आहे."

"कसा काय आहे? खडा असंल. सुकून काळा पडलेला असंल. अभी सिरफ परहॅप्स." मग त्यांनी शेंग चिमटीत धरून फोडली, दाणा तळहातावर ठेवला. "अब देखा. अब सर्टनली." आणि दुसरी शेंग न फोडता त्याच्या हातात दिली. "फोडशील तर मिळेल, ये हुआ इफ. फोडल्याशिवाय मिळणार नाही, ये हुआ अनलेस. फोडलीच पाहिजे, ये मस्ट. आणि आता खा, ये मेरा हुकूम."

तो दाणा अण्णानं खाल्ला. मी पण एक तोंडात टाकला. मास्तर म्हणाले, "इसको समझ गया देखो." पुढं कितीतरी दुपारी हेच चाललं. ते वाक्य सांगायचे आणि आम्ही शेंग दाखवायची, अख्खी, वाजवलेली की फोडलेली. पाऊस आला तर नदीला पूर येईल. मास्तर आज कदाचित येतील. सूर्य उद्या उगवणारच. अव्वा आत चुलीपाशी असायची. ती ऐकते आहे असं आम्हाला कुणाला वाटलं नव्हतं.

अण्णा अडायचा त्यात त्याच्या डोक्याचा दोष नव्हता. आमच्या घरात नक्की असं काही बोलायचंच नाही, अशी रीत होती. मीठ संपलं म्हणायचं नाही, मीठ वाढलं म्हणायचं. बांगडी फुटली तरी ती वाढली. दिवा विझत नसे, शांत होत असे. घराबाहेर निघणाऱ्यानं जातो म्हणायचं नाही. उद्या भाकरी करणार का, असं विचारलं तरी अव्वा म्हणायची, "बघू, बसवण्णाच्या मनात आलं तर." नक्की बोललं की ते कुणीतरी ऐकतं आणि उलटं करतं, असा तिचा पक्का समज होता. मला ही रीत पहिल्यापासून जमली नाही. एकदा घाण्याचा बैल खाली बसला तेव्हा मी सरळ म्हणाले, "हा न्हाय उठत आता." अव्वानं गरम उलथनं माझ्या ओठांवर ठेवलं. बैल संध्याकाळी मेला. तेव्हापासून मी काळतोंडी. खूण अजून आहे, ओठाच्या डाव्या बाजूला. बैल म्हातारा होता आणि त्यानं दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नव्हतं, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

मग वाईट दिवस आले. खाकी घालून, बंदुका घेऊन, निजामाच्या बाजूनं गावोगाव फिरणाऱ्या त्या लोकांचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. 'ते' म्हणायचो. इथंही तसंच लिहिते. गावातले कर्ते पुरुष एकेक करून हद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला गेले. अप्पाही गेले. अण्णा राहिला, कारण घाणा, बैल आणि बायका कुणाच्या भरवशावर ठेवायच्या? पण घाणा बंदच होता. त्याचा आवाज सडकेवर जायचा आणि आवाज गेला की घरात माणूस आहे हे कळायचं. त्या दिवसांत घराघरात बोलण्याची आमच्या अव्वाचीच रीत आली. ते आले आणि विचारलं, तुझा बाप कुठं आहे, तर म्हणायचं, असतील कुठं तरी. कधी गेले? गेले असतील मागं. येणार कधी? काय की. खोटं बोललो तर पकडले जाऊ आणि खरं बोललो तर मरू, म्हणून सगळं गाव मधलं बोलायला शिकलं. अण्णा सगळ्यात चांगलं शिकला. त्याला कुणी नाव विचारलं तरी तो आधी थांबायचा.

एका दुपारी ते अचानक आले. अंगणात ज्वारी साठवायचं पेव होतं, माणूसभर खोल, वरून तोंड लहान आणि त्यावर दगडी झाकण. त्या वर्षी ते रिकामं होतं. अव्वानं अण्णाला त्यात उतरवलं आणि झाकण ओढलं. पेवात कोंडलेल्या हवेनं माणूस मरतो हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. मास्तर तेव्हा ओसरीवरच होते. ते उठले, माझं सूप उचललं आणि जाऊन त्या झाकणावर बसले. मला म्हणाले, "बैठ गे, शेंगा फोड." मी बसले. 'ते' आत आले तेव्हा मास्तर माझ्याकडं बघत शेंग फोडत होते.

त्यांनी विचारलं, घरात मर्द कोण आहे. मास्तर म्हणाले, "कोई नहीं. औरतां हैं और मैं हूँ." एकानं विचारलं, नक्की? मास्तर म्हणाले, "मेरी जुबान है." म्हणजे माझा शब्द आहे. मास्तरांनी दाणा तोंडात टाकला, उठले, आणि त्यांच्यातल्या म्होरक्याच्या खांद्यावर हात टाकून, हसत, काही तरी सांगत त्यांना सडकेपर्यंत घेऊन गेले. अव्वानं आणि मी झाकण सरकवलं तेव्हा अण्णाच्या तोंडाला फेस होता. तो शुद्धीवर यायला वेळ लागला. मास्तर परत आले, अंगणाच्या दाराशीच थांबले आणि विचारलं, "है?" अव्वा म्हणाली, "हाय." ती इतकं सरळ बोलल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

मास्तरांना त्यांच्याबरोबर हसत सडकेवर जाताना गावानं बघितलं. पेवात कोण होतं ते गावानं बघितलं नव्हतं, आणि आम्ही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी परत आले असते. म्हणून निजामाचं राज्य मोडून हिंदुस्थानचं लष्कर आल्यावर जेव्हा बोट दाखवायची वेळ आली, तेव्हा त्या माणसाचं बोट मास्तरांकडं गेलं. त्यानं बघितलं होतं ते खोटं नव्हतं.

तर चावडीवर असं सगळं आलं होतं. माझी नात धाराशिवला शाळेत जाते. परवा ती मस्ट, मे, माइट असं मोठ्यानं पाठ करत होती. मी तिला म्हणाले, हे शब्द तोंडातून वेळेवर निघतात का ते बघ, पाठ सगळ्यांनाच असतात. तिला वाटलं आजी इंग्रजीवर रागावली. अण्णाला सर्टनली पाठ होता. मास्तर त्यांच्यात नव्हते, त्यांनी त्याचा जीव वाचवला होता, आणि हे त्याच्याइतकं नक्की दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. पण वर्षभर त्याची जीभ एकाच वाटेनं चालली होती. खाकी समोर आली, बंदूक समोर आली, आणि ती जीभ सवयीनं मधल्या वाटेला लागली. साहेबाला आमच्या गावची सवय काय माहीत? त्यानं ऐकलं ते एवढंच, की या माणसाच्या ओळखीचा पोरगाही खात्री देत नाही.

शिपायानं मास्तरांना ओट्यावरून खाली ओढलं. त्यांची टोपी पडली. ती उचलायला ते वाकले तर त्यांना मागून ढोसलं. मास्तर अण्णाकडं बघत नव्हते. ते सडकेकडं बघत होते, वर्गात कुणाला उत्तर आलं नाही की खिडकीकडं बघायचे तसे. अव्वा माझ्यापुढून निघाली आणि लोकांतून वाट काढत अण्णाजवळ जाऊन उभी राहिली. तिच्या डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत होता. परक्या पुरुषासमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. तिनं गळ्यातलं, चोळीवर आलेलं इष्टलिंग उजव्या मुठीत धरलं. आमच्यात लिंग मुठीत धरून बोललेलं फिरवता येत नाही.

"त्याला सांग," ती अण्णाला म्हणाली, "मास्तर त्यांच्यातला न्हाय."

"सांगितलं की अव्वा."

"काय सांगितलास मी ऐकले. नीट सांग. मास्तर खोटा निघाला तर माझ्या पोराला गोळी घाल म्हणावं."

अण्णा तिच्याकडं बघत राहिला. लोकांत कुणीतरी बाई म्हणाली, "अगं, ध्यानावर हायेस का?" अव्वानं तिकडं बघितलंही नाही.

"अव्वा, असं कसं म्हणू मी?"

"जसंच्या तसं म्हण. तुझा इफ घाल, त्याला माझी ना न्हाय. पण ते परहॅप्स घालू नकोस."

चुलीपाशी बसून तिनं किती ऐकलं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं. साहेब वळून बघत होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण मूठ दिसत होती. अण्णाचा चेहरा पांढरा पडला होता, पेवातून काढला तेव्हा होता तसा. मग तो बोलला. हळू बोलला, एकेक शब्द वेगळा करून, मास्तरांपुढं बोलायचा तसा. "इफ धिस मॅन इज वन ऑफ देम, शूट मी. माय मदर सेज. आय ॲम सर्टन." आणि मग न विचारताच त्यानं पेवाचं सांगितलं. भर चावडीत, सगळ्या गावासमोर.

साहेबानं अव्वाकडं बोट करून काही विचारलं. अण्णा म्हणाला, "येस सर. सर्टनली." ही तुझी आई का, असं विचारलं होतं. साहेबानं मास्तरांकडं पुन्हा बघितलं. इंजिनाची घरघर चालू होती. मग त्यानं जे सांगितलं ते अण्णानं मराठीत अव्वाला सांगितलं. मास्तरांना इथं सोडता येत नाही. पुढं चौकशी होईल. पोरगा खात्री देतो ना, मग पोरगाही बरोबर येईल. अव्वा म्हणाली, "जा." ये नाही म्हणाली, जा म्हणाली.

मास्तर आणि अण्णा ट्रकात पुढच्या बाजूला बसले, ड्रायव्हरच्या पाठीशी. बाकीच्या चौघांना मागं बसवलं. दस्तगीर मणियार चढताना घसरले, वय झालं होतं. त्यांनी गर्दीकडं बघून कुणाचं तरी नाव घेतलं. कुणाचं ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. कुणी पुढं आलं नाही. ट्रक नळदुर्गच्या बाजूला गेला.

अव्वा घरी आली, तिनं चूल पेटवली आणि डब्यात हात घातला. "पीठ संपलंय," ती मला म्हणाली, "दळायला बस." मी जात्यावर बसले. संपलंय हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला होता. शेजारची तुळजाबाई दारात येऊन म्हणाली, "पोटचं पोरगं असं देतंय का कुणी?" अव्वा भाकरी थापत म्हणाली, "दिलं न्हाय. त्याच्यापाशी ठेवलंय." तुळजाबाई गेली. पुढचे दिवस अव्वा रोज अण्णाच्या वाट्याची भाकरी करायची आणि ती संध्याकाळी बैलाला घालायची. रडली नाही. पूजा रोज केली, पण त्यात काही मागितलं की नाही ते मला माहीत नाही. ओठ हलत नव्हते. मी मात्र सारखी सडकेवर जाऊन बघायची. सडकेवर ट्रक पुष्कळ जायचे, पण थांबायचे नाहीत.

ते दोघं पायी आले. दुपारची वेळ होती, मी अंगणात शेंगा वाळत घालत होते. अण्णा पुढं, मास्तर त्याच्या खांद्याला धरून मागं. मास्तरांच्या पायाला काहीतरी झालं होतं आणि डोक्यावर टोपी नव्हती. आत आले आणि पेवाच्या झाकणावरच बसले. अव्वा बाहेर आली, तिनं दोघांना पाणी दिलं आणि विचारलं, "काय विचारलं तिथं?" अण्णा म्हणाला, "तेच." "मग?" "मी पण तेच सांगितलं. सारखं सारखं." मास्तर म्हणाले, "एक बार बी परहॅप्स नहीं बोला." आणि मग तो म्हातारा माणूस आमच्या अंगणात तोंडावर हात ठेवून रडला. मी शेंगा पसरत राहिले. काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं, अजूनही माहीत नाही.

ट्रकात मागं बसलेल्यांचं काय झालं, हे अण्णाला विचारलं तर तो म्हणाला, त्यांना वाटेत दुसरीकडं उतरवलं. कुठं? त्यानं सांगितलं नाही. पुढं कधीच सांगितलं नाही. मी पुष्कळ विचारलं, अगदी त्याच्या म्हातारपणीही विचारलं.

मास्तर थोडे दिवस आमच्याच घरी राहिले, पाय बरा होईपर्यंत. मग गुलबर्ग्याला त्यांच्या बहिणीकडं गेले. जाताना अव्वाला सलाम करून म्हणाले, "जाता हूँ, अव्वा." तिनं त्यांना अडवलं नाही आणि येतो म्हणा असंही सुचवलं नाही. अप्पा परत आले, घाणा चालू झाला. अण्णा सोलापूरला गेला, शिकला, तिथंच नोकरीला लागला. मला पुढं शिकवलं नाही, माझं लग्न लावलं.

लग्नात बांगड्या भरायला दुसऱ्या गावचा मणियार आला. त्याचा हात जड होता. तेव्हा मी अव्वाला विचारलं, "दस्तगीरचाचासाठी का न्हाय बोललीस गं?" ती माझ्या हातांकडं बघत होती. म्हणाली, "काय ठेवू? एकच पोरगं होतं माझ्याकडं."

मास्तर जगले. अण्णा जगला. दस्तगीर मणियार, शिंपी, पिंजारी आणि त्याचा भाऊ जगले नाहीत.